तलफेची मुदत

वडीलधाऱ्या माणसांसमोर विडी-सिगारेट ओढू नये, हा आपल्याकडील जुना दस्तूर आता पुष्कळ सैल झाला असला तरी अगदीच मोडीत निघालेला नाही. आणि ज्याने ज्याने तो कधी पाळला असेल, त्याच्या बाबतीत एक विलक्षण गोष्ट नकळत घडत आलेली असते. कचेरीत असताना जो गृहस्थ दर अर्ध्या-पाऊण तासाने खुर्ची मागे सारून, खिशातील काडेपेटी चाचपीत जिन्याखालच्या पानपट्टीकडे वळतो, बाहेर जाऊन दोन झुरके घेतल्यावाचून ज्याचा साध्या टिपणावर सही करण्यास हात चालत नाही, तोच गृहस्थ मुलीच्या सासरी सत्यनारायणाच्या पूजेला व्याह्यांच्या शेजारी पाटावर बसला, म्हणजे संकल्पापासून आरतीपर्यंत आणि आरतीपासून पंगत उठेपर्यंतचे तीन-चार तास मोठ्या स्वस्थपणे काढतो. त्याचा जीव कासावीस होत नाही, की कथेचा अध्याय लांबला म्हणून तो भटजींवर मनातल्या मनात चरफडत नाही. पुढे निरोपाचे विडे घेऊन तो फाटकाबाहेर पडतो, कोपऱ्यावरची टपरी दृष्टीस पडते, आणि मग मात्र काडी ओढायलाही त्याला दम निघत नाही. रक्तातील निकोटीन फाटकाच्या आत आणि बाहेर सारखेच असताना, अलीकडे निजलेली तलफ पलीकडे पाऊल पडताच जागी का व्हावी?

धूम्रपान सोडण्याविषयी आपल्याकडे जे उपदेशपर वाङ्मय निघते, त्यात काळवंडलेल्या फुप्फुसांची चित्रे असतात आणि मनोनिग्रहाची स्तोत्रे असतात; पण हा साधा प्रश्न त्यात सहसा आढळत नाही. तो विचारला इस्राएलमधील तेल अवीव विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ रूवेन दार यांनी. कर्मठ यहुदी लोकांमध्ये शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत साब्बाथ पाळतात; त्या दिवशी अग्नी पेटविण्यास धर्माची मनाई असल्यामुळे, एरवी सतत सिगारेटी ओढणारा मनुष्यही त्या अहोरात्रात सिगारेटीला शिवत नाही. दार व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा लोकांची तीन दिवसांची तलफ त्यांच्याच तोंडून नोंदवून घेतली: एक साब्बाथचा दिवस, एक नेहमीसारखा ओढण्याचा दिवस, आणि एक साधाच वार, पण संशोधकांच्या विनंतीवरून न ओढण्याचा. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष असा, की विनंतीला मान देऊन सिगारेट टाळली तेव्हा तलफेने जो छळ केला, तो साब्बाथच्या दिवशी केला नाही. दोन्ही दिवशी मनुष्य तोच आणि उपवासही तोच. फरक एवढाच, की एका दिवशी सिगारेट ओढता आली असती आणि दुसऱ्या दिवशी ती ओढण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

याच मंडळींचा दुसरा अभ्यास 2010 मध्ये आला, आणि मला तो पहिल्याहून अधिक मार्मिक वाटतो. विमानात प्रवाशांची सरबराई करणारे, स्वतः सिगारेट ओढणारे कर्मचारी त्यांनी निवडले आणि आखूड व लांब पल्ल्याच्या अशा दोन तऱ्हेच्या उड्डाणांत त्यांच्या तलफेची नोंद ठेवली. निकोटीन उतरत जाते तसतशी तलफ चढत जाते, एवढेच जर खरे असते, तर शेवटची सिगारेट ओढून तितकेच तास लोटल्यावर दोन्ही उड्डाणांत तलफ सारखीच भरावयास हवी होती. तसे झाले नाही. आखूड उड्डाण संपत आले की तलफ चढे. लांबच्या उड्डाणात तेवढेच तास लोटलेले असताना ती बरीच मंद असे, आणि विमान उतरण्याची वेळ जवळ येऊ लागली की मगच डोके वर काढी. म्हणजे तलफेची गणना मागच्या सिगारेटीपासून जितकी होते, त्याहून अधिक ती पुढच्या सिगारेटीपासून होते; मुभा मिळण्याची मुदत जसजशी जवळ येते तसतसा तिचा तगादा वाढतो.

यावरून शरीराचा या व्यवहारात काहीच हात नाही, असे मात्र कोणी समजू नये. झुरक्यातील निकोटीन दहा-वीस सेकंदांत मेंदूपर्यंत जाऊन पोचते, आणि सुमारे दोन तासांत रक्तातील त्याचे प्रमाण निम्म्यावर येते. ते उतरू लागले की चित्तात एक बारीकशी अस्वस्थता, एक चिडखोर रितेपणा उत्पन्न होतो. पुढची सिगारेट तो रितेपणा भरून काढते, आणि ओढणारा समजतो की सिगारेटीने आपणांस शांती दिली. वास्तविक तिने दिलेली शांती ही आपल्याच घरातून उचललेल्या मुद्दलावर सावकाराने आपल्यालाच दिलेले कर्ज असते, आणि न ओढणाऱ्या मनुष्याच्या पदरी ती बिनव्याजी पडलेलीच असते. एकाएकी सोडून देणाऱ्यास पहिले दोन-तीन दिवस सर्वांत जड जातात, आणि तीन-चार आठवड्यांत शरीराची बहुतेक कुरकुर थांबते. तलफेचा एकेक झटका तर काही मिनिटांत ओसरतो. आता, ज्या वस्तूचा शारीरिक अंमल महिन्याभरात उतरतो, तिच्याकडे माणसे वर्षा-दोन वर्षांनी परत का फिरतात, याचे उत्तर शरीरशास्त्रात पुरतेपणी सापडत नाही.

ते उत्तर लंडनमधील एका हिशेबनिसाने आपल्या परीने दिले. ॲलन कार हा गृहस्थ दिवसाला शंभरापर्यंत सिगारेटी ओढीत असे. 1983 मध्ये त्याने त्या सोडल्या आणि 1985 मध्ये त्यावर पुस्तक लिहिले, ते जगभर खपले. त्याचे सगळे म्हणणे थोडक्यात असे, की धूम्रपान सोडणारा मनुष्य आपण काहीतरी मौल्यवान गमावीत आहो या भावनेने सोडतो, म्हणून जन्मभर झुरत राहतो. वस्तुतः गमावण्यासारखे त्यात काही नव्हतेच, हे एकदा पटले की निग्रहाचे कारणच उरत नाही. भाषा विक्रेत्याची असली तरी विचार आपल्या ओळखीचा आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाची लक्षणे सांगताना, आहार तोडलेल्या मनुष्यापासून विषय दूर होतात पण त्यांची गोडी मागे राहते, आणि ती गोडी त्याहून श्रेष्ठ असे काही दिसल्यावरच निवृत्त होते, असे जे म्हटले आहे, ते तलफेला अक्षरशः लागू पडते. या हिशेबनिसाने त्यातील पूर्वार्ध नेमका हेरला. ते श्रेष्ठ काय, या उत्तरार्धाच्या खोलात तो शिरला नाही.

आपल्याकडील व्रतांचा अनुभवही हेच सांगतो. श्रावण लागला की मद्य-मांसाबरोबर विडीही बाजूला ठेवणारे पुष्कळ असतात, आणि महिनाभर त्यांचा नियम मोडत नाही. पण त्यांचे विमान कधी उतरावयाचे, ते पंचांगात छापलेले असते. श्रावणाचा शेवटचा आठवडा आला की मनात उजळणी सुरू होते, आणि भाद्रपदाच्या पहिल्या सकाळी चहाच्या कपाबरोबर विडी पुन्हा शिलगते. याच्या उलट पंढरीची माळ घातलेल्या वारकऱ्याकडे पाहावे. कालपर्यंत मटणाच्या वासाने ज्याच्या तोंडास पाणी सुटे, तो माळ गळ्यात पडल्यावर त्याच पंगतीशेजारून निर्विकारपणे जातो, कारण त्याच्या वर्ज्याला मुदत नाही. ‘मी खात नाही’ असे न म्हणता तो ‘मी माळकरी आहे’ असे म्हणतो, आणि प्रश्न तेथेच मिटतो. तंबाखू मात्र माळेच्या वर्ज्यांत रूढीने ठळकपणे आलेली नाही, म्हणून दिंडीच्या विसाव्यावर टाळ खाली ठेवून, कंबरेची चंची सोडून, तळहातावर चुना मळणारे माळकरी पुष्कळ दिसतात. त्यांच्या भक्तीविषयी मला शंका नाही. जेथे दार लावले तेथे तलफ फिरकत नाही, आणि जेथे ते उघडे राहिले तेथून ती खुशाल ये-जा करते, एवढेच यावरून दिसते.

दार कसे लागते, याचा एक प्रसिद्ध दाखला गांधींच्या आत्मकथेत आहे. लहानपणी ते आणि त्यांचे एक नातलग चुलत्यांनी टाकलेली सिगारेटींची थोटके गोळा करून ओढीत. थोटके पुरेनात म्हणून नोकराच्या खिशातील तांब्याचे पैसे चोरू लागले, आणि तेही पुरेनात तेव्हा एका वनस्पतीचे देठ फुंकून पाहिले. पुढे वडीलधाऱ्यांच्या परवानगीवाचून आपणांस काहीच करता येत नाही, हे पारतंत्र्य त्यांना इतके डाचू लागले, की दोघांनी मरण पत्करण्याचे ठरविले. धोतऱ्याचे बी मिळवून सायंकाळी केदारजींच्या देवळात जाऊन त्यांनी दोन-चार दाणे गिळलेही. पण पुढे धीर झाला नाही. या प्रसंगानंतर थोटके आणि चोरी दोन्ही सुटली, ती कायमची. येथे शपथ नाही आणि फुप्फुसांचे चित्रही नाही. ज्या स्वातंत्र्याच्या हौसेने धूर आत घेतला, त्या धुराने आपणांस कोठवर आणून सोडले, याचे एकदाच झालेले लख्ख दर्शन आहे. पुढे 1942 मध्ये पुण्यास आगाखान पॅलेसच्या बंदिवासात त्यांनी आरोग्यावरील आपले पुस्तक लिहिले, त्यात तंबाखूविषयी लिहिताना आधार घेतला तो टॉल्स्टॉयचा. तोही असा, की या माणसाने स्वतः ती यथेच्छ ओढून पाहिली होती.

टॉल्स्टॉयने 1890 मध्ये मादक पदार्थांवर जो निबंध लिहिला, त्यातील एक हकिकत विसरू म्हटल्या विसरता येत नाही. आपल्या मालकिणीचा खून करणारा एक आचारी न्यायासनापुढे सांगतो, की सुरीचा वार केल्यावर काम पुरे करण्याचा धीर होईना, म्हणून दुसऱ्या खोलीत जाऊन बसलो, एक सिगारेट ओढली आणि मग परत गेलो. टॉल्स्टॉयचे अनुमान अतिरेकी आहे हे उघडच आहे. सिगारेट ओढणारे सगळे खुनी नसतात, उलट त्यांतील पुष्कळजण मुंगीलाही न दुखविणारे असतात. पण सदसद्विवेकाचा एखादा अप्रिय शब्द ऐकू येऊ लागला की मनुष्य काडीकडे हात नेतो, हे निरीक्षण ज्याला नाकारावयाचे असेल, त्याने आपली पुढची सिगारेट पेटविण्यापूर्वी तत्क्षणी आपण काय टाळीत होतो, एवढे स्वतःस विचारून पाहावे. बहुधा ते एखादे न लिहिलेले पत्र असते, एखादी कबुली असते, किंवा नुसताच कंटाळा.

अध्यात्म म्हणजे हमखास उतारा, असा समज करून घेणाऱ्यांनी मुंबईच्या खेतवाडीतील निसर्गदत्त महाराजांचेही स्मरण ठेवावे. विड्यांची दुकाने चालविलेला हा नवनाथ संप्रदायातील ज्ञानी पुरुष, देशोदेशींच्या जिज्ञासूंना अद्वैताची उकल करून सांगता सांगता स्वतः विडी ओढीत असे, आणि 1981 मध्ये कंठाच्या कर्करोगाने गेला. त्यांच्या अनुभूतीचे मोजमाप घेण्याचा अधिकार माझ्यासारख्यास नाही. परंतु देहाविषयी उदासीन राहणे हा जसा एक आध्यात्मिक दृष्टिकोन आहे, तसाच देह ही सोपविलेली ठेव समजून ती सांभाळणे हाही एक आहे, आणि विडी सुटण्याच्या कामी दुसराच उपयोगी पडतो. साधूंच्या चिलमीला धर्माचे कवच मिळाले ते पहिल्याच्या जोरावर.

त्याचबरोबर, मनाने सोडणे श्रेष्ठ आणि औषधाने सोडणे कमी दर्जाचे, असा जो एक सोवळेपणा या क्षेत्रात शिरला आहे, तो मला मुळीच मान्य नाही. निकोटीनच्या पट्ट्या, चघळण्याच्या गोळ्या, वैद्यांचा सल्ला यांनी ते पहिले जड आठवडे सुसह्य होत असतील, तर त्याने कोणाच्या साधनेस बाध येत नाही. मुद्दा आयुष्याच्या वर्षांचा आहे. धूम्रपान व फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध 1950 मध्ये ब्रॅडफर्ड हिल यांच्यासह दाखविणारे रिचर्ड डॉल यांनी त्या कामाच्या ओघातच स्वतः सिगारेट सोडली. पुढे ब्रिटनमधील डॉक्टरांचा 50 वर्षे मागोवा घेऊन 2004 मध्ये त्यांनी जे निष्कर्ष मांडले, त्यांप्रमाणे जन्मभर ओढणारा सरासरीने सुमारे दहा वर्षे आधी मरतो, तिसाव्या वर्षी सोडणारा ती जवळजवळ सगळी परत मिळवितो, चाळिसाव्या वर्षी सोडणारा नऊ, पन्नाशीत सहा, आणि साठीत सोडणारादेखील तीन.

मदत हवी असणाऱ्यांसाठी केंद्र सरकारचा 1800-11-2356 हा निःशुल्क दूरध्वनी आहे, आणि तो सिगारेटच्या पुडक्यावरच छापलेला असतो. सुटी सिगारेट घेणाऱ्याच्या हाती पुडके येत नसल्यामुळे त्याला तो दिसत नाही. सुट्या विक्रीस महाराष्ट्र शासनाने 2020 मध्ये मनाई केली आहे, आणि टपरीवर ती अजून मागितली की मिळते.