दप्तरदाखल न झालेली सायंकाळ

२००६ सालच्या ११ जुलै रोजी सायंकाळी, चाकरमान्यांनी भरलेल्या पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्या उपनगरांकडे धावत असताना, माटुंगा रोडपासून जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोडपर्यंत अवघ्या अकरा मिनिटांत सात स्फोट झाले आणि १८०हून अधिक माणसे प्राणांस मुकली. मृतांचे पंचनामे झाले, जखमींची नावे इस्पितळांच्या वह्यांत चढली. परंतु जे अंगावर ओरखडाही न उमटता घरी पोचले, अथवा ज्यांनी रुळांवर उतरून घरच्या चादरींत जखमींना उचलून नेले, त्यांच्या मनात जे रुतून बसले त्याचा पंचनामा कोण करणार?

सामान्य आठवण ही निकाली निघालेल्या मिसलीसारखी असते. ती दप्तरदाखल होते, तिच्यावर धूळ बसते, आणि मागवली तरच बाहेर येते. आघाताची आठवण मात्र अशी फडताळात जात नाही. शेजारच्या दुकानाचे शटर धाडकन पडते, आणि वर्षानुवर्षांपूर्वीची ती सायंकाळ त्या क्षणी, त्याच वासासकट आणि त्याच किंकाळ्यांसकट, नव्याने घडू लागते. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली या अवस्थेला आपल्या अधिकृत वर्गीकरणात स्थान दिले. आपण तिला आघातोत्तर ताणविकार म्हणतो.

तिच्यावरील एका उपायाचा उगम मोठा विलक्षण आहे. १९८७ साली फ्रान्सिन शापिरो ही अमेरिकी विदुषी उद्यानात फिरत असता, आपले डोळे झरझर डावी-उजवीकडे फिरले की मनातील क्लेशकारक विचारांची धार बोथट होते, असे तिच्या ध्यानी आले. त्यातूनच पुढे ई.एम.डी.आर. ही नेत्रचलनाची उपचारपद्धती सिद्ध झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली तिची शिफारस केली, तरी ती गुणकारी का ठरते याविषयी विद्वानांत अद्याप एकवाक्यता नाही. एका मताप्रमाणे मनाची तात्पुरती धारणाशक्ती मर्यादित असते. दुःखद चित्र आणि डोळ्यांपुढे हलणारे तज्ज्ञाचे बोट या दोहोंचा भार तिच्यावर एकदम पडला, की चित्राचे रंग फिके होतात. दुसरा पक्ष म्हणतो की डोळ्यांचे हलणे हा निव्वळ अलंकार आहे, खरे औषध म्हणजे सुरक्षित जागी त्या आठवणीला सामोरे जाणे. मला पहिला पक्ष अधिक पटतो, पण रोग्याला या वादाचे सोयरसुतक नसते. लोकलमध्ये खिडकीशी बसलेल्या प्रवाशाचे डोळेही मागे पळणाऱ्या खांबांबरोबर असेच टकटक हलत असतात. तेवढ्याने दुःख हलके होत असते, तर अंधेरी-बोरिवलीकरांना कोणत्याही वैद्याची गरजच पडली नसती.

भारतात या पद्धतीचे शिक्षण २००१ च्या गुजरात भूकंपानंतर परदेशी प्रशिक्षकांनी येथील मानसतज्ज्ञांना दिले. मुलांसाठी तिचा एक सुटसुटीत प्रकारही आहे, तो मेक्सिकोत एका चक्रीवादळानंतर १९९८ साली निघाला: दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवून, फुलपाखराने पंख मिटावे-उघडावे तसे, आळीपाळीने स्वतःच्या खांद्याशी थोपटायचे.

प्रौढांची बैठक अशी चालते. आरंभीच्या भेटी पूर्वतयारीच्या: पूर्ववृत्त विचारले जाते, मन विसावेल असे एखादे स्थळ निश्चित केले जाते, आणि हात वर केला की काम तत्काळ तहकूब, असा करार होतो. ही तजवीज वगळून चित्रफितींतील हलते ठिपके पाहत घरच्या घरी प्रयोग करणे म्हणजे जखम उघडून बसणे होय. मग तज्ज्ञ रोग्याच्या किंचित बाजूला खुर्ची घेतो आणि विचारतो, त्या सायंकाळचे सर्वांत वाईट चित्र कोणते? समजा, उत्तर येते: फलाटावर पडलेला डबा, त्यातली पोळी बाहेर आलेली. शून्य ते दहांत त्रास किती? नऊ. दोन बोटे डोळ्यांपुढून वीस-पंचवीस वेळा इकडून तिकडे जातात, थांबतात. "आता काय दिसते?" कधी चित्राऐवजी छातीतली कळ येते, कधी अकस्मात राग, तर कधी ज्याच्याशी त्या दिवशी गाडीच्या डब्यात जागेवरून भांडण झाले त्याचा चेहरा, जे येईल ते येऊ देऊन बोटे पुन्हा चालू होतात. तासाभराने तोच प्रश्न पुन्हा येतो, आणि खुर्चीतला माणूस जरा विचार करून सांगतो, "चार. डबा दिसतो अजून, पण लांबून." तज्ज्ञ आकडा टिपून घेतो आणि पुढच्या आठवड्याचा वार ठरवतो.