गणपती गेले, मखर माळ्यावर

2018 मध्ये महाराष्ट्रात थर्मोकोलच्या सजावटीवर बंदी आली आणि पुठ्ठ्याच्या घडीच्या मखरांना भाव आला. विसर्जन झालं की त्यांची रवानगी माळ्यावर.

पण भाद्रपदातली हवा दमट. पुठ्ठ्यात ओल राहिली तर बुरशी धरते, खळीवर कसर ताव मारते. म्हणून जाणती मंडळी मखराला आधी ऊन दाखवतात, मग जुन्या सुती चादरीत बांधतात.

बॅटरीवरच्या दिव्यांतले सेल काढलेले बरे. नाहीतर ते पाझरतात आणि पुढच्या वर्षी स्प्रिंगवर हिरवट-पांढरी पूड दिसते. मेणाच्या पणत्या वरच्या मजल्यावर स्लॅबखाली नकोतच, एप्रिलमध्ये मऊ पडतात.

आकाशकंदील हाताशी, दिवाळी लगेच येते! गुढीची काठी मागे, भिंतीलगत आडवी.

कुणाच्या माळ्याचं काही अडलं असेल तर खुशाल विचारावं.