निसर्ग उद्यानाची पाऊलवाट आणि वृक्षनामांचा अभ्यास

मुंबईत मिठी नदीच्या काठी, धारावीच्या दाट वस्तीला लागून महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. सुमारे ३७ एकरांची ही भूमी १९७७ पर्यंत शहराचा केरकचरा टाकण्याची जागा होती. पुढे तीवर वृक्षारोपण झाले व १९९४ मध्ये उद्यान लोकांना खुले झाले. अशा उद्यानातील पाऊलवाट वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याची मानली जाते. वस्तुतः ती भाषाशास्त्राच्या अभ्यासकाचीही आहे.

वृक्षनामांचा विचार आपल्याकडे बहुधा कोशावरून होतो. शाल्मलीचे प्राकृतात सामरी व मराठीत सावरी झाले. ग्रामाचे गाव होताना मकाराची जी गती झाली तीच येथे झाली, हे कोश हाती असला की सांगता येते. परंतु ते नाव आज भाषक कोणत्या झाडास लावतो, हे ध्वनिपरिवर्तनाच्या नियमांवरून कळत नाही. त्यासाठी झाडापुढेच उभे राहिले पाहिजे.

‘अशोक’ हे नाव पाहावे. शाळांच्या आवारांत व रस्त्यांच्या कडेला सरळसोट वाढणारा, लांबट पानांच्या कडा लहरदार असलेला जो वृक्ष शहरात अशोक म्हणून ओळखला जातो, तो सीताफळाच्या कुळातला. त्याची फिकट हिरवी फुले सहसा नजरेत भरत नाहीत. संस्कृत काव्यातला अशोक शेंगांच्या कुळातला व केशरी-तांबड्या गुच्छांचा. सुंदरीच्या पादप्रहाराने फुलतो तो हाच. रस्त्याकडेच्या झाडावर तो प्रहार वायाच जावयाचा. नाव दुसऱ्याकडे गेल्यावर मूळ धन्यास ‘सीताअशोक’ असे विशेषण जोडून घ्यावे लागले. अर्थान्तराचे इतके स्वच्छ उदाहरण ग्रंथांतून क्वचितच हाती लागते.

आपटा व कांचन यांचे नाते निराळे. दोहोंचे पान टोकाशी दुभंगलेले, म्हणून दसऱ्याच्या ‘सोन्यात’ कांचनाची पाने पुष्कळदा खपून जातात. यास निव्वळ अज्ञान म्हणणे उतावळेपणाचे होईल. त्या प्रसंगी नाव जाते ते पानाच्या आकारावर. अमेरिका खंडातून आलेल्या एकाच झाडास ‘विलायती शिरीष’ व ‘पर्जन्यवृक्ष’ अशी दोन नावे आहेत. पहिले ओळखीच्या झाडाशी तुलना करून पडले, दुसरे इंग्रजी नावाचे भाषांतर होय. पहिल्यात भाषकाची नजर दिसते, दुसऱ्यात नाही.

मात्र झाडावर नावाचा फलक असल्यास तोच अभ्यासाच्या आड येतो. तो एकच नाव प्रमाण ठरवितो, आणि ते वाचल्यावर निवेदक आपल्या बोलीतले नाव सांगण्यास संकोचतो. म्हणून फलक दृष्टीस पडण्यापूर्वीच नाव विचारावे, आणि ते कोणत्या खुणेवरून सांगितले हेही लिहून घ्यावे. पर्णहीन सावर तांबड्या फुलांवरून तत्काळ ओळखणारा निवेदक पावसाळ्यात तिच्यापुढे अडखळण्याचा संभव असतो. तेव्हा त्याच वाटेने निदान दोन ऋतूंत तरी जाणे अवश्य आहे.