दुखरी कास आणि सात दिवसांचे दूध

दगडी झालेली गाय धारेला बसू देत नाही. कास तापलेली असते, एक सड टणक लागतो, पिळला तर पाण्यासारख्या दुधात पांढऱ्या गुठळ्या पडतात. दगडीवर, म्हणजे कासदाहावर, प्रतिजैविक द्यायचे हे आता गावोगावी माहीत आहे. पण जंतू मरेपर्यंत ती गाय जे दुखणे सोसते, त्याचे काय?

गाय दुखणे लपवते. कळपात अशक्त दिसणारे जनावर वाघ-लांडग्याच्या नजरेत पहिले भरते, त्यामुळे हा स्वभाव तिच्यात मुरलेला आहे. कोपनहेगन विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 मध्ये गाईंच्या वेदना ओळखण्याची एक मोजपट्टी मांडली: कान मागे किंवा खाली पडलेले, मान खाली, पाठ कमानीसारखी, नाकपुड्यांभोवतीचे स्नायू ताणलेले, माणूस जवळ आला तरी लक्ष नाही. गोठ्यात रोज शेण काढणाऱ्या बाईला यातले बरेचसे न शिकवता कळते; तिचे म्हणणे मात्र उपचार ठरवताना क्वचितच विचारले जाते.

वेदनाशामक देणे म्हणजे नुसती भूतदया नव्हे. युरोपातल्या सहा देशांत झालेल्या आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कासदाह झालेल्या काही गाईंना प्रतिजैविकासोबत मेलोक्सिकॅम हे वेदनाशामक दिले गेले. पहिल्याच रेतनात त्यांतल्या 31 टक्के गाभण राहिल्या. नुसते प्रतिजैविक मिळालेल्यांत हे प्रमाण 21 टक्के होते. गाय वेळेवर गाभण राहणे म्हणजे काय, हे दूधवाल्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

मग हे औषध दुधात किती उतरते? एक लिटर दूध तयार व्हायला कासेतून सुमारे 400 ते 500 लिटर रक्त फिरते, त्यामुळे रक्तातले थोडेफार दुधात येणारच. तरी या औषधांच्या बाबतीत निसर्गाने एक अडसर घातला आहे. रक्ताचा सामू 7.4, दुधाचा साधारण 6.6 ते 6.8. मेलोक्सिकॅम, फ्लुनिक्सिन, केटोप्रोफेन ही सौम्य आम्ले आहेत; रक्तात त्यांचे बहुतेक रेणू विद्युतभारित होतात, शिवाय प्रथिनांना चिकटून राहतात. असे रेणू कासेच्या पेशींचा स्निग्ध पडदा सहजी ओलांडत नाहीत. दगडीत मात्र हा पडदा गळका होतो आणि दुधाचा सामू रक्ताच्या जवळ सरकतो. म्हणजे ज्या गाईला औषधाची खरी गरज, तिच्याच कासेचा अडसर कमजोर झालेला असतो.

म्हणून औषध दिल्यावर ठरावीक काळ दूध विकायचे नाही, हा नियम. अमेरिकेत फ्लुनिक्सिननंतर 36 तासांचे दूध बाजूला काढावे लागते, आणि ते इंजेक्शन शिरेतूनच द्यायचे असते. स्नायूत टोचले तर औषध शरीरात रेंगाळते. युरोपात मेलोक्सिकॅमसाठी 5 दिवस थांबतात. भारतात औषधाच्या वेष्टनावर हा काळ छापणे बंधनकारक आहे, आणि तो शास्त्रीय चाचणीने ठरवलेला नसेल तर दुधासाठी किमान 7 दिवस धरावेत असे औषध नियम सांगतात.

केटोप्रोफेन दुधात फारसे उतरत नाही. युरोपात ते टोचलेल्या गाईचे दूध त्याच दिवशी विकता येते. आपल्या शेतकऱ्याला हे सोयीचे पडले असते. पण हे औषध टोचलेले जनावर दगावले आणि गिधाडांनी ते खाल्ले, तर त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने हेच केले होते. पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांवरून 2004 मध्ये कारण उलगडले आणि 2006 मध्ये भारताने जनावरांसाठी ते बंद केले. तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडे जवळपास संपली होती. जुलै 2023 मध्ये केटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅकवरही बंदी आली, आणि ती योग्यच आहे. गिधाडांना मानवणारे मेलोक्सिकॅम हाताशी आहे. त्याची किंमत न विकलेल्या दुधात मोजावी लागते.

ही किंमत टाळली तर सहसा पकडले कोणी जात नाही. गावच्या संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरणारे घनपदार्थ) मोजतात, त्यावर दर ठरतो. प्रतिजैविकाचा अंश निदान कधी तरी उघडा पडतो: विरजण नीट लागत नाही, चाचणीच्या नळीतले जंतू वाढत नाहीत. वेदनाशामकाला जंतूंशी देणेघेणे नाही. दही लागते, चव बदलत नाही, आणि दूध उकळून तो अंश जाईल याचीही खात्री नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतले महागडे यंत्रच लागते.

दिवसाला 12 लिटर देणाऱ्या गाईचे 7 दिवसांचे दूध म्हणजे 84 लिटर. लिटरला 30 रुपये धरले तरी अडीच हजार रुपये, वर डॉक्टर आणि औषधाचा खर्च. दोन गाईंवर घर चालवणाऱ्याने हे एकट्याने सोसावे आणि शहरातल्या ग्राहकाने निर्धास्त चहा प्यावा, ही वाटणी न्यायाची नाही. दूध संघांनी या दिवसांच्या दुधाची निदान अर्धी भरपाई द्यावी. आणि डॉक्टरांनी निघताना कागदावर तीन गोष्टी लिहून द्याव्यात: औषधाचे नाव, टोचल्याची तारीख आणि कोणत्या दिवशीच्या कोणत्या धारेपासून दूध पुन्हा डेअरीला घालायचे.