दिवस मोजणारे निकाल

येरवड्याशी निगडित जे निकाल मुंबई उच्च न्यायालयाने आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ पासून दिले, त्यांतल्या महत्त्वाच्या निकालांत गुन्हा कोणी केला हा वादाचा मुद्दाच नव्हता. वाद होता मोजणीचा. किती दिवस उलटले, कोणाच्या टेबलावर कागद पडून राहिला, मुदत कधी संपली, मुदत वाढवणाऱ्याला तो अधिकार होता का. लोकांना हे निकाल पचले नाहीत, त्याचंही कारण हेच. लोक गुन्ह्याकडे पाहत होते आणि न्यायालय तारखांकडे.

सगळ्यात कटू उदाहरण फाशीचं. नोव्हेंबर २००७ मध्ये पुण्यातल्या बीपीओ कंपनीत काम करणाऱ्या तरुणीवर कॅबचालक आणि त्याच्या साथीदाराने अत्याचार करून तिचा खून केला. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१५ मध्ये दोघांची फाशी कायम केली. राज्यपालांनी दयेचा अर्ज २०१६ मध्ये फेटाळला, राष्ट्रपतींनी मे २०१७ मध्ये. त्यानंतर फक्त फाशीचं वॉरंट निघायचं राहिलं होतं. ते निघालं एप्रिल २०१९ मध्ये, तारीख पडली २४ जूनची. मधल्या जवळपास दोन वर्षांत कारागृह, सत्र न्यायालय आणि मंत्रालय यांच्यात पत्रं फिरत होती आणि दोन माणसं येरवडा कारागृहात रोज उद्याची वाट पाहत होती. २९ जुलै २०१९ रोजी उच्च न्यायालयाने हा विलंब अवाजवी ठरवला आणि फाशीऐवजी ३५ वर्षांची कैद दिली. ९ डिसेंबर २०२४ रोजी न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने ते कायम केलं.

याच कारागृहात अजमल कसाबला फाशी झाली ती २१ नोव्हेंबर २०१२ रोजी. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. म्हणजे शासनाने मनावर घेतलं तर कागद हलतो. बीपीओ प्रकरणात आरोपी सुटले म्हणून न्यायालयावर आगपाखड झाली. एक तर ते सुटलेले नाहीत, आणि राग काढायचाच तर तो ज्या टेबलांवर फाइल झोपली त्यांच्यावर काढायला हवा होता. सर्वोच्च न्यायालयाने तेच केलं: दयेच्या अर्जांसाठी राज्यांनी स्वतंत्र कक्ष नेमावा आणि सत्र न्यायालयाने वॉरंटचा पाठपुरावा करावा, असे आदेश दिले.

वकील आणि कार्यकर्त्या सुधा भारद्वाज यांचा निकाल वरवर पाहता याच्या उलट टोकाचा. भीमा कोरेगाव प्रकरणात २०१८ मध्ये अटक झाल्यावर त्या येरवड्याच्या महिला कारागृहात होत्या. तिथल्या बायकांवर त्यांनी पुढे ‘फ्रॉम फाँसी यार्ड’ हे पुस्तक लिहिलं. त्यांच्याविरुद्ध दोषारोपपत्र दाखल करायची ९० दिवसांची मुदत जानेवारी २०१९ मध्ये संपली, ते आलं फेब्रुवारीत. पुण्याच्या सत्र न्यायालयाने दिलेली मुदतवाढ उच्च न्यायालयाने १ डिसेंबर २०२१ रोजी बेकायदा ठरवली, कारण तो अधिकार एनआयए कायद्याखालच्या विशेष न्यायालयाचा होता. त्यांना डिफॉल्ट जामीन, म्हणजे मुदत उलटल्यामुळे मिळणारा जामीन, मिळाला. त्याच प्रकरणातल्या आठ सहआरोपींना मात्र नाही. त्यांनी वेळेत तसा अर्ज केला नव्हता. चूक यंत्रणेची, पण ती दाखवून द्यायची जबाबदारी कैद्याची, आणि तीही मुदतीत! हा कायदा मला अजून पटलेला नाही.

कल्याणीनगरची पोर्शे १९ मे २०२४ च्या पहाटेची. सतरा वर्षांचा मुलगा, दोन तरुण अभियंत्यांचा मृत्यू, आणि जामिनाची अट म्हणून तीनशे शब्दांचा निबंध. निबंधाची चेष्टा देशभर झाली आणि ती होणंच योग्य होतं. पण त्या संतापाच्या लाटेत येरवड्यातल्या बाल न्याय मंडळाने जामीन रद्द न करताच मुलाला निरीक्षणगृहात ठेवलं, हे कोणाला खटकलं नाही. उच्च न्यायालयाला खटकलं. २५ जूनला न्या. भारती डांगरे आणि न्या. मंजुषा देशपांडे यांनी त्याला सोडण्याचा आदेश दिला. पुढे त्याला प्रौढ समजून खटला चालवावा ही पोलिसांची मागणी मंडळाने १५ जुलै २०२५ रोजी फेटाळली. इथेही आकडेच आडवे आले. ज्या गुन्ह्याला किमान सात वर्षांची शिक्षा सांगितलेली नाही तो ‘घृणास्पद’ या वर्गात, म्हणजे ज्यात अल्पवयीनाला प्रौढ समजता येतं त्या वर्गात, मोडत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने शिल्पा मित्तल प्रकरणात जानेवारी २०२० मध्येच सांगून ठेवलं होतं. हे बदलायचं असेल तर संसदेने बदलावं.

या मुलाच्या घरच्यांकडे महिन्याभरात उच्च न्यायालय गाठायची ऐपत होती. येरवडा कारागृहात क्षमतेच्या दुपटीहून जास्त कैदी राहत आले आहेत आणि त्यांतले बहुसंख्य कच्चे कैदी. त्यांच्यासाठी २०२४ चे दोन निकाल जास्त मोलाचे, जरी त्यांच्यावर वाहिन्यांनी फारशा चर्चा रंगवल्या नाहीत. ३ ऑक्टोबरला पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातली जातीवरून कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली, नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितलं आणि भटक्या-विमुक्तांवर बसणारा सराईतपणाचा शिक्काही. पारधी वस्तीवरून उचलून आणलेल्या माणसाला या शिक्क्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

त्याआधी २३ ऑगस्टला न्यायालयाने नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ जुन्या खटल्यांनाही लागू केलं. पहिल्याच गुन्ह्यातल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला, की त्याला जामीन मिळावा, असं हे कलम. जन्मठेप किंवा फाशीच्या गुन्ह्यांना ते लागत नाही, एकाहून जास्त खटले असले तरी अडतं. पण यात दिवस मोजून न्यायालयाकडे अर्ज पाठवायचं काम कैद्याचं नाही, कारागृह अधीक्षकाचं आहे. येरवड्यातून असे किती अर्ज गेले आणि किती मंजूर झाले, हे कारागृहाने दर महिन्याला फाटकावर लावावं.