मांजर खरोखर दोषी आहे काय?

घरात मांजर असलं की कणगीतलं धान्य वाचतं. हे आपण सारे जाणतो. पण ऑस्ट्रेलिया देशात एका उंदराला वाचवण्यासाठी मांजरांना हटवावं लागलं. हे कसं, ते पाहू.

त्या देशात जुंगारी नावाचा उंदीर आहे. तो रानात राहतो. पूर्वी तो दूरवर पसरलेला होता. पुढे मोठ्या भूमीवरून तो पार नाहीसा झाला. बर्निअर नावाच्या लहान बेटावर तेवढा उरला.

त्या देशात पूर्वी मांजर नव्हतं. १७८८ साली इंग्रज वस्तीला आले, त्यांच्याबरोबर मांजरं आली. पुढे ती रानात शिरून रानटी झाली. बर्निअर बेटावर मात्र मांजर नाही. म्हणून मांजरांवर संशय आला.

पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. मोठ्या भूमीवर खोकडंही आणली गेली, मेंढ्याही आल्या. खोकड उंदीर खातं. मेंढ्यांनी झाडोरा खाल्ला की उंदरांचा आडोसा जातो. मग दोष कुणाचा?

खताचा गुण पाहायचा तर आपण काय करतो? एका वाफ्याला खत घालतो, शेजारचा तसाच ठेवतो. बाकी सारं सारखं ठेवतो. शास्त्रज्ञांनीही असंच केलं. देशाच्या उत्तर भागात, वोंगालारा इथं, त्यांनी कुंपणं घातली. त्या भागात खोकडं नाहीत. दोन आवारांत मांजरांना जाता येत होतं, दोन आवारांत नाही. साऱ्यांत लांब केसांचे देशी उंदीर सोडले. मांजरं शिरली तिथले उंदीर लवकरच संपले. बाकीचे टिकले. हा निष्कर्ष २०१४ साली छापला गेला.

तो उंदीर जुंगारी नव्हे, हे ध्यानात ठेवा. पण रानटी मांजर देशी उंदरांचा निर्वंश करू शकतं, हे त्यावरून कळलं.

डर्क हार्टोग या मोठ्या बेटावरून मेंढ्या, बकऱ्या आणि मांजरं हटवली. २०१८ साली बेट मांजरमुक्त झाल्याचं जाहीर झालं. २०२१ साली तिथं जुंगारी पुन्हा सोडले.

मांजर आपल्या स्वभावानं वागतं. त्याला नव्या मुलखात माणसानंच नेलं. म्हणून तिथलं नुकसान भरून काढणं हेही माणसाचंच काम. आणि कुणाला दोष देण्याआधी, बंधुभगिनींनो, नीट पारख करावी, असं आम्हाला वाटतं.