वायरविना चार्जिंग किती सुरक्षित?

विजेवरची मोटार वायरविना चार्ज होते ती इंडक्शन शेगडीच्याच तत्त्वावर. जमिनीवरच्या पॅडमधील तांब्याच्या वेटोळ्यातून सेकंदाला सुमारे ८५ हजार आवर्तनांची वीज वाहते. तिचे बदलते चुंबकीय क्षेत्र गाडीखालच्या वेटोळ्यात वीज निर्माण करते. हे क्षेत्र इतरत्र पसरू नये म्हणून फेराइटच्या लाद्या आणि ॲल्युमिनियमचा पत्रा बसवतात. शिवाय अंतर वाढताच ते झपाट्याने क्षीण होते. सर्वसामान्यांसाठी अशा क्षेत्राची आंतरराष्ट्रीय मर्यादा २७ मायक्रोटेस्ला आहे. मात्र पॅडवर पडलेले नाणे तापू शकते, एखादे मांजर गाडीखाली शिरू शकते. अशा वेळी संवेदकांनी वीज तोडणे अपेक्षित असते. पेसमेकर बसवलेल्यांनी चार्जिंग चालू असताना गाडीखाली वाकू नये आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.